'पिक' की 'पिक अप'? वीस अर्थ पाठ करण्याआधी आपलं 'उचलणं' आठवा

तुमचा प्रश्न वाचला. इतरांच्याही लक्षात यावा म्हणून थोडक्यात पुन्हा मांडते. तुम्ही मराठी माध्यमातून शिकलात, सध्या अंधेरीला मालवाहतुकीच्या एका कंपनीत नोकरी करता आणि परदेशी ग्राहकांना रोज मेल लिहिता. लंडनहून येणाऱ्या पाहुण्यांना तुम्ही 'अवर ड्रायव्हर विल पिक यू फ्रॉम दादर स्टेशन' असं लिहिलंत, तर मॅनेजरनं त्यात 'अप' घातलं. शेजारचा सहकारी म्हणाला, त्याची गरज नाही, सगळे असंच लिहितात. त्याच आठवड्यात 'सेल्स हॅव पिक्ड' या तुमच्या वाक्यावरही लाल खूण आली. मग तुम्ही शब्दकोश उघडलात, 'पिक अप'चे वीसेक अर्थ दिसले आणि तुम्ही विचारलंत, 'हे सगळं पाठ कसं करायचं?'

मी बावीस वर्षं परळला संध्याकाळच्या वर्गात इंग्रजी शिकवते. समोर बसणारे बहुतेक तुमच्यासारखेच असतात: दिवसभर नोकरी, सात वाजता वर्ग, नंतर कर्जत किंवा विरारची गाडी. पहिली काही वर्षं मीही फळ्यावर यादी लिहून द्यायचे. मुलं ती पाठ करायची, चाचणीत गुण मिळवायची आणि पंधरा दिवसांनी मेलमध्ये पुन्हा 'पिक मी' लिहायची. म्हणून पाठांतराचा प्रश्न मी बाजूला ठेवते. तुमची खरी अडचण वेगळी आहे. 'अप' हा छोटा शब्द त्या क्रियापदाचं नेमकं काय करतो, हे तुम्हाला कुणी दाखवलेलं नाही.

आणि हे अवघड वाटतं याचं वाईट वाटून घेऊ नका. सॅम्युएल जॉन्सननं 1755 मध्ये इंग्रजीचा मोठा कोश प्रसिद्ध केला. क्रियापदानंतर एखादा छोटा शब्द जोडून अर्थ बदलण्याची ही रीत परक्या माणसांना सर्वांत जड जाते, हे त्यानं त्याच्या प्रस्तावनेतच नोंदवून ठेवलं आहे. अशा जोड क्रियापदांना मिळालेलं 'फ्रेझल व्हर्ब' हे नाव मात्र बरंच अलीकडचं. 1925 मध्ये लोगन पिअरसल स्मिथ या लेखकानं ते रूढ केलं आणि ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी ते आपल्याला सुचवल्याचं सांगितलं.

शाळेत संस्कृत घेतलं असेल तर ही रीत तुम्हाला परकी नाही. एकच 'हृ' धातू, पण आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार हे सगळे शब्द त्याच्यापासून झाले. धातूच्या आधीचा उपसर्ग बदलला की अर्थ कुठल्या कुठे जातो. इंग्रजी हेच करते, फक्त तिचा छोटा शब्द क्रियापदानंतर येतो. आणि 'संहार'मधला 'सं' नुसता सजावटीचा आहे असं आपण कधी म्हणत नाही. 'पिक अप'मधल्या 'अप'लाही तोच मान द्या.

आधी नुसतं 'पिक' पाहू. त्याचा गाभा निवडणं, खुडणं, टोचून वेगळं काढणं हा आहे. घोळक्यातून एकाला निवडलं, झाडावरून फळ तोडलं, हे सगळं 'पिक'. वर्गात मी नेहमी फुलांचं उदाहरण देते, कारण त्यासाठी आपल्याकडे दोन वेगळे शब्द आहेत. मोगरा आपण खुडतो आणि पारिजातक वेचतो. मोगऱ्याची कळी झाडावर असते, ती तोडून घ्यावी लागते, म्हणून 'पिक'. पारिजातकाचा सडा पहाटे अंगणात आधीच पडलेला असतो, तो खाली वाकून उचलायचा असतो, म्हणून 'पिक अप'. दादरच्या फूलबाजारातून कुणाला झेंडू आणायला सांगायचा असेल तरी 'पिक अप सम मॅरिगोल्ड्स' म्हणायचं. 'पिक सम मॅरिगोल्ड्स' म्हटलं तर ऐकणाऱ्याला शेतात जाऊन झेंडू तोडणारा माणूस दिसेल.

आता तुमचं वाक्य पाहा. 'अवर ड्रायव्हर विल पिक यू' हे लंडनमधल्या माणसाच्या कानाला 'आमचा ड्रायव्हर तुमची निवड करेल' असं लागतं. संदर्भावरून त्याला अर्थ कळेलच, पण वाचताना तो क्षणभर अडखळेल.

तुमचा सहकारी मात्र साफ चूक नाही. भारतात 'पिक मी', 'पिक माय कॉल', 'पिक अँड ड्रॉप' सर्रास बोललं जातं आणि इथे कुणाचा गोंधळ होत नाही. वांद्र्याच्या मित्राला तुम्ही 'पिक मी ॲट सिक्स' असा निरोप धाडलात तर तो सहाला हजर होईल. तेव्हा वाचणारा कोण, यावर बरंच अवलंबून आहे. माझा सल्ला असा की मेल देशाबाहेर जाणार असेल, मुलाखत असेल किंवा परीक्षा असेल, तर 'अप' सोडू नका. आणि तिथे सोडायचं नाही म्हटल्यावर इथेही घालायची सवय लावलेली बरी, कारण घाईत हात सवयीनंच चालतो.

आता वीस अर्थांकडे वळू. मी त्यांची दोन घराणी करते. पहिल्या घराण्यात एखादी गोष्ट किंवा माणूस जिथे आहे तिथून आपल्याकडे येतो. दुसऱ्या घराण्यात एखादी गोष्ट आपली आपण वर चढते, जोर धरते. आणि मराठी माणसाच्या हाताशी या दोन्हींसाठी 'उचल' आहे. हे माझ्या उशिरा लक्षात आलं, पण तेव्हापासून वर्गात यादी लागत नाही.

पहिलं घराणं. जमिनीवरची पिशवी उचलली, ते 'पिक अप'. फोन उचलला, तेही. लहान मुलं भाषा चटकन उचलतात, यालाही 'पिक अप' म्हणतात. म्हणजे वर्गात न बसता, ऐकून-वावरून आत्मसात करणं. माझ्या वर्गाखालच्या दुकानातले कच्छी काका पन्नास वर्षं परळला आहेत आणि अस्सल गिरणगावी मराठी बोलतात. 'ही पिक्ड अप मराठी फ्रॉम हिज कस्टमर्स.' एखाद्या गाण्याची चाल उचलली, 'पिक्ड अप द ट्यून'. पोलिसांनी संशयिताला उचललं, 'द पोलीस पिक्ड हिम अप'. सगळ्यांच्या जेवणाचा खर्च एकानं उचलला, 'ही पिक्ड अप द बिल'. पाहा, प्रत्येक ठिकाणी मराठीत 'उचलणे' बसलं. यातलं काहीही तुम्हाला नव्यानं पाठ करायचं नाही.

याच घराण्यात काही वाक्यं अशी आहेत जिथे मराठीत 'उचलणे' येत नाही, पण चित्र तेच आहे. माणसाला स्टेशनवरून घेणं हे त्यातलं पहिलं. आपण पाहुण्याला 'घ्यायला' जातो. त्याला 'उचलायला' गेलो म्हटलं तर तो पोलिसांचा किंवा गुंडांचा अर्थ होतो. मला वाटतं, आपल्याकडे 'अप' गळण्याचं एक कारण हेच असावं. मनात 'घेणे' असतं, 'उचलणे' नसतं, त्यामुळे 'वर' सुचवणारा शब्द अनावश्यक वाटतो. दुसरं, माइक किंवा अँटेना आवाज पकडते. ऑनलाइन बैठकीत 'युवर माइक इज पिकिंग अप द फॅन' असं कुणी म्हणालं तर तुमच्या पंख्याचा आवाज त्यांना ऐकू येतोय. तिसरं, सर्दी किंवा संसर्ग होणं. 'शी पिक्ड अप अ कोल्ड ऑन द ट्रेन.' सर्दी आपल्याला लागते, इंग्रजी माणूस ती कुठून तरी घेऊन येतो. चौथं, जाता जाता काही विकत घेणं, 'आय पिक्ड अप सम ब्रेड ऑन द वे होम'. यात फार शोधाशोध न करता, वाटेत थांबून घेतलं अशी छटा असते. आणि पाचवं, अर्धवट राहिलेलं पुन्हा धरणं. 'लेट्स पिक अप व्हेअर वी लेफ्ट ऑफ', काल सोडलं तिथून पुढे जाऊ. बैठकीसाठी हे वाक्य फार उपयोगी आहे, ते जसंच्या तसं लक्षात ठेवा.

दुसरं घराणं लहान आहे, पण तुमची दुसरी लाल खूण तिथली आहे. व्यापारी काय म्हणतात? 'सध्या मालाला उचल आहे', 'मालाला उचल नाही'. विक्री मंद होती, ती सुधारली, म्हणजे 'सेल्स हॅव पिक्ड अप'. इथे कर्ता विक्री आहे. तिला कुणी उचललेलं नाही, ती आपणच वर आली. म्हणून पुढे कर्म नाही. 'अप' काढलंत तर 'विक्रीनं निवड केली' असं अर्धं वाक्य उरतं, आणि कशाची निवड ते कळत नाही. पहिल्या चुकीत संदर्भ तुम्हाला सांभाळून घेतो, इथे तोही घेत नाही, म्हणून ही चूक जास्त गंभीर. वारा वाढला, 'द विंड पिक्ड अप'. पावसानं जोर धरला, 'द रेन पिक्ड अप'. दादर सोडल्यावर फास्ट लोकलनं वेग घेतला, 'द ट्रेन पिक्ड अप स्पीड'. आपण गाडीला 'पिकअप' चांगला आहे म्हणतो, तोही याच घराण्यातला.

आता सावधगिरी, कारण 'उचल'वर डोळे मिटून विसंबलात तर फसाल. माझ्या वर्गात एक परिचारिका येत असे. रुग्णाच्या दम्यानं पुन्हा उचल खाल्ली, हे तिनं 'द अस्थमा पिक्ड अप अगेन' असं लिहिलं. मराठी शंभर टक्के बरोबर. पण इंग्रजीत 'द पेशंट इज पिकिंग अप' म्हणजे रुग्णाला उतार पडतोय, तब्येत सुधारतेय. त्यामुळे आजाराबरोबर 'पिक अप' आलं की वाचणारा बुचकळ्यात पडतो: वाढलं की बरं झालं? आजार उसळला यासाठी 'फ्लेअर अप' आहे, तेच वापरा. इस्पितळाच्या कागदावर असा गोंधळ परवडणारा नाही. त्या दिवसापासून मी 'उचल' शिकवताना हे उदाहरण आधी सांगते.

तसंच 'मुद्दा उचलणे'. बैठकीत तुम्ही नवा मुद्दा मांडलात तर ते 'रेज'. 'शी पिक्ड अप द पॉइंट' याचा अर्थ दुसऱ्या कुणी आधी मांडलेला मुद्दा तिनं पुढे नेला. मांडणारा कोण, हेच बदललं. एखादी मागणी उचलून धरली तर 'सपोर्ट' किंवा 'टेक अप'. पगाराची उचल म्हणजे 'ॲडव्हान्स'. उचलेगिरीचा 'पिक अप'शी संबंध नाही, दुकानातल्या चोरीला 'शॉपलिफ्टिंग' म्हणतात.

आणखी एक अर्थ आहे, तो मी वर्गात संकोच न करता सांगते, कारण न सांगितल्यानं लोक अडचणीत येतात. अनोळखी व्यक्तीशी लगट करून तिला सोबत नेणं, यालाही 'पिक अप' म्हणतात. 'ही पिक्ड अप अ गर्ल ॲट चर्चगेट' हे वाक्य भलताच अर्थ देऊ शकतं. नातं किंवा नाव आणि कारण लिहिलं की धोका टळतो: 'ही पिक्ड अप हिज सिस्टर फ्रॉम चर्चगेट आफ्टर वर्क'.

आता रचना. इथे नियम थोडे आहेत, पण चुका सर्वांत जास्त इथेच होतात.

'पिक अप' हे फुटणारं क्रियापद आहे. वस्तूचं नाव असेल तर दोन्ही चालतं, 'पिक अप द पार्सल' आणि 'पिक द पार्सल अप'. पण 'इट', 'हिम', 'हर', 'यू', 'देम' असलं सर्वनाम आलं की ते मध्येच बसतं. 'पिक इट अप', 'पिक यू अप'. 'पिक अप इट' कधीच नाही. उलट कर्म लांबलचक असेल, समजा 'काल पुण्याहून आलेलं, गोदामात ठेवलेलं पार्सल', तर 'पिक' आणि 'अप' शेजारीच ठेवा, नाहीतर 'अप' येईपर्यंत वाचणारा वाट बघत राहतो. आणि 'पिक अप स्पीड' तोडू नका, ते एकत्रच बोललं जातं.

क्रियापदाचं रूप बदलताना फरक पहिल्या शब्दात पडतो: 'पिक्स अप', 'पिक्ड अप', 'पिकिंग अप'. 'पिकअप्ड' असा शब्द नाही. हा मी दर महिन्याला एखाद्या मेलमध्ये पाहते. तो का येतो, तेही कळतं. मुंबईत 'पिकअप' हा आपल्यासाठी एकसंध मराठी शब्दच झाला आहे. 'पिकअप किती वाजता आहे?', 'पिकअपवाला आला का?' असं आपण दिवसभर बोलतो, मग हात त्यालाच प्रत्यय जोडतो. इंग्रजीत मात्र नाम एका शब्दात किंवा मध्ये छोटी रेघ देऊन लिहितात, आणि क्रियापद दोन सुट्या शब्दांत. 'द पिकअप इज ॲट सिक्स' हे नाम. 'वी विल पिक यू अप ॲट सिक्स' हे क्रियापद. 'लॉगिन' आणि 'लॉग इन', 'बॅकअप' आणि 'बॅक अप' यांचंही असंच, तेव्हा एक कळलं की ऑफिसातले अर्धे शब्द सुधारतात.

बोलताना यातला फरक कानालाही जाणवतो. नाम असेल तर जोर 'पिक'वर. 'पिक इट अप'सारख्या वाक्यात जोर 'अप'वर, आणि तिन्ही शब्द जोडले जाऊन 'पिकिटप' असं ऐकू येतं. 'पिक्ड अप'चा उच्चार 'पिक्टप'च्या जवळ जातो. परदेशी ग्राहक फोनवर भरभर बोलतो आणि कळत नाही, त्याचं कारण बऱ्याचदा हे जोडणं असतं. शब्द ओळखीचे असतात, पण त्यांच्यामधल्या फटी बुजलेल्या असतात. 'पिकिटप', 'पिक्टप' स्वतः मोठ्यानं दहादा म्हणा. तोंडाला वळण पडलं की कानाला ओळख पटते. हा व्यायाम मी प्रत्येकाला देते.

फोनबद्दल वेगळं सांगते, कारण दिवसातून सर्वांत जास्त वेळा तिथेच लागतं. 'ही डिड नॉट पिक माय कॉल' याऐवजी 'आय कॉल्ड, बट ही डिडन्ट पिक अप' म्हणा. इथे कर्म नसलं तरी चालतं. 'कॉल' हा शब्द हवाच असेल तर 'आन्सर' किंवा 'टेक' वापरा, 'ही डिडन्ट आन्सर माय कॉल'. फोन ठेवला यासाठी 'हँग अप'. तिथेही 'अप'च आहे, खाली ठेवत असूनही. जुन्या काळी फोनचा कर्णा भिंतीवरच्या खोक्याच्या आकड्याला वर अडकवून ठेवायचा असे, त्यावरून ते आलं. चित्र कळलं की विचित्र वाटत नाही.

तुम्ही शेवटी विचारलंत की औपचारिक पत्रात 'पिक अप' चालतं का. मेलमध्ये निर्धास्त वापरा. करारपत्र किंवा अहवाल लिहिताना अर्थाप्रमाणे 'कलेक्ट', 'आन्सर', 'इम्प्रूव्ह', 'रिझ्यूम', 'डिटेक्ट' यांतला नेमका शब्द घ्या. 'पिक अप' तिथे चूक आहे असं नाही, पण करारात एका शब्दाला एकच अर्थ असलेला बरा.

पुढच्या महिन्याभरासाठी एक काम देते. पाठांतराची वही नको, छोटी टिपणवही ठेवा. मेलमध्ये, बातम्यांत, गाडीत कुणाच्या बोलण्यात 'पिक अप' आलं की पूर्ण वाक्य लिहा आणि शेजारी फक्त दोनपैकी एक खूण करा: 'आपल्याकडे आलं' की 'वर चढलं'. ज्या वाक्यावर खूण करता येणार नाही, ते वेगळ्या पानावर लिहा. 'पिक अप ऑन', म्हणजे कुणी न बोललेली गोष्ट हेरणं, आणि 'पिक अप आफ्टर', म्हणजे कुणाचा पसारा मागून आवरणं, अशी काही त्या पानावर येतील. तेवढीच खरी पाठ करावी लागतात, आणि माझ्या अनुभवात महिन्याभरात ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच निघतात.

आणि तुमचा तो मेल. तो मी असा लिहिला असता: 'अवर ड्रायव्हर विल पिक यू अप फ्रॉम दादर स्टेशन ॲट सिक्स. इफ ही इज लेट, प्लीज कॉल मी. आय विल पिक अप.' आणि विक्रीच्या अहवालात: 'सेल्स हॅव पिक्ड अप सिन्स दिवाली.' दादरचा पूल कोणत्या बाजूनं उतरायचा, पूर्व की पश्चिम, तेही एका ओळीत घाला. लंडनहून आलेल्या माणसाला त्या गर्दीत ते 'अप'पेक्षाही जास्त लागेल.